तीन रुपये पाच आणे

दवनीवाड्यात डॉलर कोणी पाहिलेला नाही. मीही नाही. तरी गावातल्या कोणत्याही पानठेल्यावर जाऊन उभे राहा, तुमचं पान लावून होईपर्यंत डॉलर आज कितीवर आहे ते तुम्हाला फुकट सांगितलं जाईल. तो नव्वदीच्या घरात गेला म्हणून हळहळणारा माणूस आयुष्यात एकदा रायपूरला गेलेला असतो, तोही कोणाच्या तरी वरातीत. हळहळून झालं की तो पिंक टाकतो आणि म्हणतो, "सत्तेचाळीस साली एक डॉलर एका रुपयाले भेटत होता जी. आपले केशोरावजी सांगून गेले."

हे वाक्य मी चौतीस वर्षं ऐकतो आहे. ते केशोरावांचं नाही, माझं आहे. आणि ते खोटं आहे.

मी इंद्रकुमार टेंभरे. कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, म्हणजे फळ्याकडे तोंड करून बोललो. पाठीमागे कोणी ऐकत असेल हा गैरसमज मी पहिल्या दोन वर्षांतच सोडून दिला होता. गावात मला मान आहे. लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात, मयतीत पुढे बोलावतात, कोर्टाची नोटीस आली की वाचायला आणतात. मी वाचून दाखवतो आणि मनातल्या मनात त्यांची कीव करतो. कीव हा शब्द सौम्य आहे. खरं सांगायचं तर मला ह्या लोकांचा तिटकारा आहे. विचार न करता मान हलवणारी माणसं मला सोसत नाहीत, आणि इथे तर माना जन्मतःच सैल आहेत.

एक्याण्णव सालच्या जुलैत सरकारने तीन दिवसांत दोनदा रुपया पाडला. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता आणि गावातला सर्वांत वजनदार माणूस म्हणजे राइस मिलचे मालक केशोराव बिसेन. पंधरा ऑगस्टला मिलच्या आवारात झेंडा त्यांच्या हातून चढायचा आणि भाषण माझ्याकडून लिहून घेतलं जायचं. मोबदला एक कट्टा तांदूळ. केशोराव चौथी शिकलेले, पण आवाज असा की मिल चालू असली तरी शेवटच्या माणसापर्यंत जाईल. त्या वर्षी रुपयावर बोलायचं ठरलं. मी अभ्यास करून लिहिलं. स्वातंत्र्याच्या वेळी रुपया पौंडाला बांधलेला होता, पौंड डॉलरला, आणि त्या हिशेबाने एक डॉलर पडायचा तीन रुपये पाच आण्यांना. केशोरावांनी ते तीनदा मोठ्याने वाचलं आणि तिन्ही वेळा आण्यांपाशी अडखळले.

"सर, हे तीन ना पाच माह्या तोंडात बसून नाही राहिलं," ते म्हणाले. "एखादा सोपा आकडा द्या ना."

मी कागद ओढला, 'तीन रुपये पाच आणे' खोडलं आणि वर 'एक रुपया' लिहिलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. समोर बसणार कोण, तर मिलचे हमाल, पोलीस पाटील आणि शाळेतून हाकून आणलेली पोरं. ह्यांना एक काय आणि तीन काय! माझ्या मनात एवढंच होतं, दुसरं काही नव्हतं.

टाळ्या थांबेनात. केशोरावांना आयुष्यात तेवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. मग काय, माणसाने ते वाक्य सोडलंच नाही. साखरपुड्यात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, नव्या बोअरवेलच्या पूजेला, जिथे माईक दिसेल तिथे केशोराव डॉलर एका रुपयाला विकत राहिले. पुढे मोबाइल आले आणि तेच खोटं देशभरातून फॉरवर्ड होऊन गावात यायला लागलं. जगात आणखी कुठल्या तरी अर्धवटांनीही तेच जुळवलं असणार. गावाला मात्र वाटलं, आपल्या केशोरावांचं बोलणं पार दिल्लीपर्यंत पोहोचलं.

केशोराव वारल्यावर मुलगा कैलाश याने मिलच्या फाटकाशी त्यांचा अर्धपुतळा बसवला. चेहरा केशोरावांपेक्षा कारागिराच्या सासऱ्यासारखा जास्त दिसतो. खाली काळ्या दगडात ते डॉलरचं वाक्य कोरलेलं आहे. पाठोपाठ 'केशोराव विचारधन' नावाची बत्तीस पानांची पुस्तिका निघाली. ती मीच संपादित केली, म्हणजे माझीच जुनी भाषणं मीच नीटनेटकी केली. सातव्या पानावर एक डॉलर, एक रुपया. तिथे हात थांबला का, असं विचाराल तर हो, थांबला. मग वाटलं, वाचणार कोण, आणि वाचून करणार काय.

कैलाशने वडिलांच्या नावाने परीक्षाही सुरू केली. आसपासच्या बारा गावांतली दहावी झालेली मुलं त्या सामान्य ज्ञानाच्या परीक्षेला बसतात. शंभर प्रश्न, शंभर गुण. पहिल्या क्रमांकाला नागपुरात अकरावी-बारावी सायन्सची दोन वर्षांची फी आणि वसतिगृहाचा सगळा खर्च. दुसऱ्या क्रमांकाला भिंतीवरचं घड्याळ, तेही मिलच्या जाहिरातीचं. मी मुख्य परीक्षक. नव्व्याण्णव प्रश्न मी काढतो. शंभरावा प्रश्न मात्र दरवर्षी 'विचारधना'तून असतो आणि तो मिलचा मुनीम टाकतो. तशी पद्धतच पडली आहे. उदबत्ती लावावी तसा तो प्रश्न असतो, कोणाला चुकू नये एवढा सोपा. अकबराला क्रिकेटर समजणारं पोरगंही तो एक गुण घेऊन जातं.

यंदाचा शंभरावा प्रश्न असा होता: १९४७ साली एका अमेरिकन डॉलरचा भाव किती होता? एक रुपया, पाच रुपये, दहा रुपये, वीस रुपये. छापायला जाण्याआधी कागद माझ्याकडे आला. चारही पर्याय चूक. मी हसलो आणि सही केली.

निकाल मिलच्या फाटकावर गुरुवारी लागला. पहिला टिकेश, खत-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या तिलकचा मुलगा, ब्याण्णव गुण. दुसरी योगेश्वरी रहांगडाले, एक्याण्णव. बक्षीस समारंभ रविवारी.

शुक्रवारी सकाळी मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो तेव्हा योगेश्वरी आपल्या बापाला घेऊन आली. बाप रूपलाल दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवतो. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, बाहीवर ग्रीसचा न निघालेला डाग. मी बसा म्हणालो नाही. आमच्या मंदाबाईंनी आतून पाणी आणलं आणि त्यांनीच बसायला सांगितलं. बायकोचा हा स्वभाव मला नेहमी नडतो.

पोरीच्या हातात तिच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स होती. "सर, शंभर नंबरचा प्रश्न पाहा," ती म्हणाली. नमस्कार केला होता, पण तो उरकल्यासारखा.

शंभराव्या प्रश्नाला तिने चारही चौकोन रिकामे सोडले होते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'यांतला एकही नाही.' मग चार ओळींचा हिशेब. एक पौंड म्हणजे तेरा रुपये पाच आणे चार पै. एक पौंड म्हणजे चार डॉलर तीन सेंट. भागाकार. उत्तर: 'सुमारे तीन रुपये पाच आणे.'

मी ते दोनदा वाचलं. एकतीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही दिवट्याने हा भागाकार केला नव्हता. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. आणि लगेच रागही आला. ह्या गावातल्या माणसांना तीन काय आणि एक काय, ह्या एका गोष्टीवर मी चौतीस वर्षं निवांत झोपलो होतो, आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या ह्या पोट्टीने परीक्षेआधीच बापाच्या मोबाइलवर शोधून आणि शाळेच्या पेनाने भागून ते मोडून काढलं.

"पुस्तिका वाचली होतीस का?" मी विचारलं.

"हव."

"मग उत्तर एक आहे हे माहीत होतं तुला."

"मालूम होतं. पण केशोरावजी का म्हणत होते, असं नव्हतं इचारलं. भाव किती होता, असं इचारलं होतं."

रूपलालने तिच्याकडे पाहिलं. त्याला पोरीचा अभिमान होता की धास्ती, ते कळेना. "सर, मले ह्याच्यातलं काही समजत नाही," तो म्हणाला. "पण पोट्टी म्हणून राहिली का तिचं बरोबर आहे. बरोबर असन तर पाहा. नाही तर मग येथीच नाव टाकतो अकरावीचं. सायन्सले मास्तर नाही तेथी, पण का करता."

बरोबर असेल तर काय होईल, ते मी मनात केव्हाच मांडलं होतं. टिकेशचा एक गुण जाईल, हिला एक मिळेल. ब्याण्णव हिचे, एक्याण्णव त्याचे. नागपूर हिचं.

"बघतो," मी म्हणालो. तिचं उत्तर बरोबर आहे, एवढंसुद्धा मी तिला तोंडाने सांगितलं नाही. सरांनी लगेच हो म्हणायचं नसतं, अशी माझी एक समजूत आहे.

ते गेल्यावर मंदाबाई चौकटीत उभ्या राहिल्या. "कैलाशले जाऊन सांगा का तो आकडा तुमचा होता," त्या म्हणाल्या. "तांदूळ आपण खाल्ला. पोट्टीनं कायले भोगावं?"

शनिवारी मी मिलवर गेलो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ भाजून काढणारे दिवस, चालू होता. कैलाशच्या केबिनमध्ये एसी, टेबलावर तांदळाच्या नमुन्याच्या पुड्या आणि भिंतीवर केशोरावांचा फोटो. कैलाश साठीला आलेला, गोंदियाच्या बाजारात उठबस असल्यामुळे निम्मं हिंदीत बोलणारा. त्याला मी लहानपणी शिकवणी दिली होती. त्रैराशिक त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, आणि आज त्याच्याकडे तीन मिल आहेत. ह्याचं मला अजूनही नीट स्पष्टीकरण देता येत नाही.

मी पोरीची झेरॉक्स पुढे ठेवली आणि सगळा हिशेब सांगितला. तो ऐकत होता की फक्त माझ्या तोंडाकडे बघत होता, देव जाणे. शेवटी त्याने एकच विचारलं, "मतलब बाबूजी गलत बोलत होते?"

"बाबूजींना मी लिहून दिलं होतं."

तो खुर्चीत मागे रेलला. मला वाटलं आता चिडेल, पण हसला. "मालूम आहे सर. बाबूजीनंच सांगितलं होतं मले. म्हणे, टेंभरे सर लिहतेत ना मी गर्जतो." मग थोडा वेळ नमुन्याचे तांदूळ बोटांनी चाळत राहिला. "पाहा सर, मले डॉलरशी काही लेना-देना नाही. आकडा तीन असो का तेरा. पण माय रविवारी समोर बसन. ब्याऐंशीची झाली ते. तिच्यासमोर बाबूजी खोटे ठरले नाही पाहिजे. तुमी स्टेजवर एवढंच बोला, पुस्तिका मी तयार केली, आकडा माह्याकडून चुकला. बस. टिकेशचं नाव लागलं आहे, ते मी कापत नाही, तिलक आपला माणूस आहे. पोट्टीले मी दुसरं इनाम देतो, बराबरीचं. फी बी, होस्टेल बी. एवढ्यानं मिल थोडीच बुडते."

इतकं सरळ. मी आज हे लिहिताना पाहतो तर ह्याहून शहाणी गोष्ट त्या आठवड्यात गावात कोणी बोललं नव्हतं. पण त्या वेळी माझ्या कानाला एकच शब्द टोचला. चुकला. माझ्याकडून आकडा चुकला? एकतीस वर्षांत फळ्यावर माझा आकडा चुकला नाही. मला खरा भाव एक्याण्णव सालीही माहीत होता. मी चुकलो नव्हतो, मी ह्यांची पात्रता पाहून ह्यांना आकडा दिला होता. चूक ती वेगळी आणि हे वेगळं. ज्याला त्रैराशिक येत नाही त्याने मला चूक कबूल करायला सांगावं!

"ठीक आहे," मी म्हणालो. तोंडाने म्हणालो.

जाताना रूपलालच्या घरी निरोप ठेवला की रविवारी मुलीला नक्की घेऊन या, काम होईल. पोरगी शिलाई मशीनशेजारी आईला मदत करत बसली होती. तिने मान वर केली. त्या घरात त्या संध्याकाळी बहुतेक सगळे हसले असतील.

रविवारी मिलच्या आवारात मांडव पडला. कूलर सहा, त्यांतले चालू चार, आणि चारही स्टेजकडे तोंड केलेले. पहिल्या रांगेत केशोरावांच्या पत्नी, डोक्यावर पदर, हातात रुमाल. मागे बारा गावांचे सरपंच, उपसरपंच, माजी सरपंच आणि होऊ घातलेले सरपंच. शाल आणि नारळ इतके वाटले गेले की शेवटी एका माजी उपसरपंचाला नुसता नारळ मिळाला आणि तो रुसून बसला. सूत्रसंचालक म्हणून शाळेतला एक तरुण शिक्षक होता. प्रत्येक वाक्याच्या आधी एक शेर, आणि शेर कोणत्याही वाक्याला चालेल असा.

योगेश्वरी चौथ्या रांगेत आईबापांच्या मधे बसली होती. नवा ड्रेस, आईनेच शिवलेला असणार. तिचं लक्ष सारखं माझ्याकडे.

तिलक बोलला. त्याच्या मुलाने सातव्या पानावरचं वाक्य कसं तोंडपाठ केलं ते त्याने सांगितलं. मग सूत्रसंचालक म्हणाला, "आणि ते वाक्य आपण सगळे मिळून म्हणू या!" तीन-चारशे माणसांनी एका सुरात म्हटलं. एक डॉलर, एक रुपया. टाळ्या. केशोरावांच्या पत्नीने डोळे पुसले. मला शिसारी आली. एवढ्या माणसांत एकालाही शंका येऊ नये? चौथ्या रांगेतली एक पोरगी सोडली तर एकालाही?

आणि मग माझं नाव पुकारलं गेलं.

मी माईकपाशी गेलो तेव्हा माझ्या मनात ते वाक्य तयार होतं. पुस्तिका मी तयार केली, आकडा माझ्याकडून चुकला. देवाशपथ तयार होतं. पण समोरच्या त्या तृप्त चेहऱ्यांकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आता तुम्ही जे ओरडलात ते साफ खोटं आहे."

आणि मी बोलत सुटलो. पौंडाचा भाव सांगितला, आणे-पै सांगितले. एकोणपन्नास साली पौंड पडला तेव्हा डॉलर पावणेपाच रुपयांच्या वर गेला हे सांगितलं, सहासष्ट साली साडेसातवर, एक्याण्णवला पंचवीस-सव्वीसवर. मागच्या रांगेतली माणसं उठून पाणी प्यायला गेली. ती गेलेली पाहून मी आणखी चढलो. "हा आकडा केशोरावांना मी दिला होता," मी म्हणालो. कैलाशने मान डोलावली, त्याला वाटलं आता येतंय. "चुकून नाही दिला. खरा आकडा मला तेव्हाही माहीत होता. पण तो तुमच्या डोक्यात मावला नसता, म्हणून एक दिला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. चौतीस वर्षं वाजवताय. दगडात कोरून ठेवलात! एका तरी माणसाने विचारलं का कधी, की हे कशावरून?"

कैलाशची मान थांबली होती.

केशोरावांच्या पत्नी उठून उभ्या राहिल्या. त्यांना उठायला वेळ लागला, शेजारच्या बाईने हात दिला. "सर," त्या म्हणाल्या, माईक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू आलं, "म्हणजे आमचे मालक खोटं बोलत होते का जी?"

इथे नाही म्हणायचं होतं. नाही बाई, मालक खरे होते, चूक माझी होती. म्हातारीने स्वतः हात धरून मला त्या वाक्यापाशी आणून सोडलं होतं. चौथ्या रांगेत योगेश्वरी खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती. मला दिसत होतं. सगळं दिसत होतं.

"खोटं नव्हते बोलत," मी म्हणालो. "त्यांना काही माहीतच नव्हतं. अडाणी होते ते."

बाई उभ्याच राहिल्या. मग पदर सारखा करून सावकाश मांडवाबाहेर चालायला लागल्या. कैलाश स्टेजवर आला, माझ्या हातातून माईक अगदी हळू काढून घेतला आणि म्हणाला, "ऊन बहुत आहे. सरांची तब्येत बराबर नाही. सरांले थंडा पाणी द्या कोणीतरी." लोक हसले. आधी मागचे, मग सगळे. कोणी तरी ओरडलं, "सरले चढली जी डॉलरची!" आणखी हसले.

पुढचं दहा मिनिटांत आटोपलं. टिकेशला पुठ्ठ्याचा मोठा चेक, फोटो, हार. योगेश्वरीला घड्याळ. ते घ्यायला ती वर आली तेव्हा मी कैलाशच्या कानाशी गेलो. "पोरीचं तेवढं..." मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत मी लोकांकडे ज्या नजरेने पाहत आलो, ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कशी दिसते ते मला तेव्हा कळलं. "माय रडत घरी गेली सर," तो म्हणाला. "आता ह्या आकड्याचं नाव नका काढू माह्यासमोर. ना आकड्याचं, ना पोट्टीचं."

मांडव रिकामा होत होता. जेवणाच्या रांगेत लोक माझ्यासाठी बाजूला सरले, आदराने नव्हे. मी जेवलो नाही. फाटकाबाहेर रूपलाल मोटरसायकल काढत होता, त्याची बायको राजकुमारी पिशवी धरून उभी होती, आणि योगेश्वरी थोडी अलीकडे. आईबापांशी बोलायचं धाडस मला झालं नाही. मी तिच्यापाशी गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. जे एक देण्यासारखं माझ्याकडे होतं, ते दिलं.

"तुझं उत्तर बरोबर होतं," मी म्हणालो. "तीन रुपये पाच आणे. पूर्ण मांडवात एकटी तू बरोबर होतीस."

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळे कोरडे होते.

"ते मले मालूमच होतं सर," ती म्हणाली. "हे आयकाले नव्हती आली मी तुमच्या घरी. मले नागपूरले जायचं होतं."

रूपलालने गाडीला किक मारली. ती आईच्या मागे बसली आणि ते गेले.